गावाचा नकाशा सगळ्यांकडे आहे, गाव सोडून

सध्या आमच्या हिंगणघाट-समुद्रपूरच्या पट्ट्यात एका गोष्टीवरून पानठेल्यापासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत वाद चालू आहे. काही पोरांनी, त्यात एनएसएसवाले आहेत, बचत गटाच्या दोन-चार ताया आहेत, एक रिटायर गुरुजी आहेत, असं ठरवलं की गावोगावी बसून माणसांच्या संबंधांचा नकाशा काढायचा. कोणाचं काम कोणापाशी अडतं, अडीनडीला कोण कोणाला हाक मारतो, कोणता गट कोणत्या मंडळाला धरून चालतो आणि कोण कोणाच्याच हिशोबात नाही, हे सगळं एका कागदावर. झालं, लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते हे जातीचा हिशोब काढायचं नाटक आहे, इलेक्शन जवळ आलं की अशी पोरं उगवतात, आणि गावात तर सगळे सगळ्यांना ओळखतात मग नकाशा कायले पाहिजे. दुसरी पार्टी याच्या उलट टोकाला, तिला ॲप पाहिजे, डॅशबोर्ड पाहिजे, कलेक्टरसाहेबांसमोर प्रेझेंटेशन पाहिजे, म्हणजे गाव आपोआप एक होईल. दोन्ही बाजू आवाज चढवून बोलतात, पण तो कागद नेमका कशासाठी आणि काढल्यावर कोणाच्या हातात राहणार हे कोणीच विचारत नाही, आणि खरा प्रश्न तर तोच आहे ना.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नकाशा काढायलाच पाहिजे, पण तो गावानं काढावा, एखादं ठरलेलं काम समोर ठेवून काढावा, आणि गावाबाहेर जाऊ देऊ नये. काढायलाच पाहिजे असं का म्हणतो, तर तुमच्या गावाचा असा नकाशा आज तीन जणांकडे आधीच तयार आहे. मायक्रोफायनान्सचा एजंट बघा, तो पाच-दहा बायांचा ग्रुप बांधतो, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, म्हणजे कोणती बाई कोणत्या बाईचा शब्द मोडणार नाही हे त्याला ग्रामसेवकापेक्षा जास्त पक्कं माहीत असतं, त्याचा धंदाच त्यावर उभा आहे. कृषी सेवा केंद्रवाल्याच्या उधारीच्या वहीत कोण कोणाच्या भरवशावर औषध उचलतो ते लिहिलेलं असतं. पक्षाच्या बूथवाल्याकडे मतदार यादीचं पान असतं आणि पानावरच्या घराघरासमोर खूण असते. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणातली घरं मोजून मिळकत पत्रिका करायचं काम चाललंय, चांगलंच आहे, पण तो भिंतींचा नकाशा झाला. माणसांचा नकाशा बाहेरच्यांकडे आहे आणि आपण वाद घालतो की तो असावा की नसावा!

आता विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा घेतो, कारण तो मलाही पटतो. ते म्हणतात, राजेहो, 1942 मध्ये कोणी नकाशा काढला होता? 16 ऑगस्टला चिमूर पेटलं, त्याच दिवशी आपल्या वर्धा जिल्ह्यातलं आष्टी पेटलं, ना फोन होते ना ॲप होतं. गावागावात भजन मंडळं होती, तुकडोजी महाराजांची खंजिरी होती, बाजारात भेटणारी माणसं होती, निरोप कानोकान जायचा. खरं आहे. विदर्भातलं खेडं मुळात जाळ्यांवरच चालत आलंय, पोळ्याच्या तोरणापासून दंडारीपर्यंत आणि लग्नातल्या पंगतीपासून मयताच्या लाकडांपर्यंत, प्रत्येक कामाची माणसं ठरलेली आणि कोणाला सांगावं लागत नाही. असलेल्या गोष्टीला कागदाची गरज काय, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

पण 1942 चं उदाहरण देणारे एक गोष्ट विसरतात. ते जाळं कोणाच्या तरी डोक्यात होतं. भजनाला गावोगाव फिरणारा माणूस, सोयरिकी जुळवणारा, बैलबाजारातला दलाल, बंडी घेऊन आठ-आठ दिवस हिंडणारा, अशांच्या डोक्यात दहा गावांचा नकाशा असायचा. आज ती माणसं कुठं आहेत? पोरं पुण्याला, नागपूरच्या एमआयडीसीत. अर्ध्या घरात म्हातारे. सोयाबीन काढायला बाहेरच्या जिल्ह्यातली टोळी येते आणि आठ दिवसांत जाते, वेचणीला मजूर आणायचा तर दुसऱ्या गावावरून गाडी भरून आणावा लागतो. वस्तीत कोण कोणाला ओळखतो हे अजूनही सगळ्यांना माहीत आहे, पण ओळखणं वेगळं आणि वेळेवर उपयोगी पडणं वेगळं, आणि मधल्या मध्ये कुठला धागा तुटला ते कोणालाच दिसत नाही कारण तुटलेला धागा आवाज करत नाही.

हे कसं ते एका गावात पाहिलं. झेडपी शाळेच्या व्हरांड्यात बसले होते सगळे, पंचवीस-तीस माणसं, बाया एका बाजूला. पोरांनी लांबलचक फॉर्म काढलाच नाही, एकच प्रश्न विचारला, रात्री दोन वाजता घरात कोणाला साप चावला तर पहिला फोन कोणाला? प्रत्येक घरासाठी एक चिंचोका मांडायचा आणि ज्याला फोन करणार त्याच्याकडे खडूनं रेघ ओढायची. सरपंच खुर्चीवर बसून हसत होते, त्यांना वाटलं रेघा आपल्याकडे येतील. एक-दोनच आल्या. आशाताईकडे बऱ्याच गेल्या. पण सगळ्यात जास्त, म्हणजे अर्ध्याहून जास्त रेघा गेल्या एका पिकअपवाल्याकडे, ज्याला गावातल्या कुठल्याच समितीत कोणी कधी घेतलं नाही. आणि मग मागून एक मावशी बोलली, "पण थो तं आता नागपूरले राह्यते जी, शनवारीच येते." दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. सगळ्या गावाचा भरवसा ज्या गाडीवर होता ती आठवड्यातले पाच दिवस गावात नव्हती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कोणाला तरी ते माहीत असेल. आता सांगा, सगळ्यांना सगळं माहीत असतं हा दावा इथं कुठं बसतो?

त्याच फरशीवर आणखी एक गोष्ट दिसली आणि ती जास्त बोचणारी होती. गावाच्या कडेला पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती आहे. बेड्यावरच्या घरांचे चिंचोके कोणी मांडलेच नव्हते, एका ताईच्या लक्षात आलं तेव्हा मांडले, बेड्यावरून दोघं जण आलेले होते पण ते दाराबाहेरच उभे होते, त्यांना आत बोलावून विचारलं. त्यांच्याकडून एक रेघ किराणा दुकानदाराकडे गेली. बाकी गावाकडे एकही नाही. गावातूनही बेड्याकडे एकही नाही. ग्रामसभेत बेड्यावरचे लोक येत नाहीत अशी तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतोय, त्यांना रस नाही, त्यांना शिक्षण नाही, असं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा, त्यातली ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार यातलं जे कमी ते, म्हणजे शंभर सह्या झाल्या की सभा कायदेशीर, मग बेडा आला काय आणि नाही आला काय, कागदावर फरक शून्य. फरशीवर मात्र फरक असा ढळढळीत दिसत होता की एका काकांनी चक्क विषय बदलला.

इथं विरोधकांचा दुसरा मुद्दा येतो आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. ते म्हणतात, पारध्यांचंच नाव घेता ना, मग हेही सांगा की त्यांची वाट कशानं लागली, याद्यांनीच ना? बरोबर. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती रजिस्टरमध्ये चढवल्या, जन्माला आलेलं पोर गुन्हेगार, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास लागायचा. तो कायदा 1952 मध्ये गेला पण पोलिसाच्या डोक्यातली यादी गेली नाही, बेड्यावरच्या कोणालाही विचारा. आणि गडचिरोलीकडे तर कोण कोणाशी बोलतो, कोणाच्या घरी कोण जेवतो हे कागदावर असणं म्हणजे जिवाशी खेळ, कागद एका बाजूच्या हाती लागला तरी संकट, दुसऱ्या बाजूच्या हाती लागला तरी संकट. जो माणूस हा धोका हसण्यावारी नेतो त्याच्या हाती खडू देऊ नका. मी तर पुढं जाऊन म्हणतो की काही गावांत, काही काळात असा नकाशा काढूच नये, आणि हे ठरवायचा हक्क त्या गावाचाच आहे, बाहेरच्या उत्साही पोरांचा नाही.

पण या धोक्यातून विरोधक जो निष्कर्ष काढतात तो चुकतो. 1871 ची यादी कोणी केली, कोणासाठी केली, आणि यादीतल्या माणसाला ती वाचायला मिळाली का? दोष तिथं आहे. आमच्या हिंगणघाटलाच एक कबर आहे, विल्यम लॅम्बटनची. 1802 मध्ये मद्रासकडून त्यानं साऱ्या हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, साखळी आणि कोन मोजायचं अवजड थिओडोलाइट घेऊन उत्तरेकडे सरकत सरकत इथपर्यंत आला आणि 1823 च्या जानेवारीत इथंच मेला. तेव्हा नागपूरला भोसल्यांची गादी होती. 1853 मध्ये राजा वारला आणि पाठोपाठ राज्य खालसा झालं. मोजणीमुळं खालसा झालं असं मी म्हणत नाही, तेवढा येडा नाही मी. पण ज्याला राज्य करायचं असतं तो आधी मोजून ठेवतो, आणि ज्याच्यावर राज्य होणार असतं तो म्हणत बसतो की आम्हाला आमचा मुलूख माहीत आहे. नंतर इंग्रजांनीच मध्य प्रांतात जमीनमहसुलाचा बंदोबस्त केला तेव्हा गावाच्या चालीरीती, कोणाला कुठल्या तळ्याचं पाणी, कोणाला जंगलातलं सरपण, ढोरं कोणत्या वाटेनं चरायला जाणार, हे वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात उतरवून घेतलं, पुढं त्याचीच निस्तारपत्रकंही झाली. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ही दोन्ही नावं आहेत. पूर्व विदर्भात गावकऱ्यांनी जंगलावरचा हक्क सांगितला तेव्हा हेच निस्तारचे कागद उपयोगी पडले. सरकारनं महसुलासाठी लिहिलेला कागद पुढं लोकांच्या हाती आला आणि उलटा फिरला.

त्याहून मोठा दाखला मेंढा लेखाचा. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं हे गाव, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. आपल्याकडे ती भाषणात सगळे वापरतात, पण घोषणेआधी तिथं काय झालं ते कोणी सांगत नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावात वर्षानुवर्षं अभ्यास गट चालले, निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचा, एकाचंही मन नसेल तर थांबायचं. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांत हे गाव, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. त्या कायद्याच्या नियमांत एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून काढलं तर तो पुरावा धरला जातो. म्हणजे आजोबांना माहीत होतं की वरचं डोंगराचं टोक आपल्या गावाचं, सत्तर वर्षं माहीत होतं, पण लिहिलं तेव्हा ते हक्क झालं. आणि शेजारच्या गावाशी हद्दीवरून वाद असला तर दोन गावांनी एकत्र बसून तो मिटवायचा, हेही त्या प्रक्रियेतच आहे. गावाची माहिती गावाच्या बैठकीत लिहिली गेली म्हणून ती गावाच्या कामी आली.

आता त्या दुसऱ्या पार्टीकडे वळतो, ॲपवाल्यांकडे, कारण खरं सांगायचं तर मला त्यांचीच जास्त भीती वाटते. विरोधक निदान घाबरतात तरी. ॲपवाल्यांना वाटतं माहिती गोळा झाली की काम झालं. अहो, 2015-16 पासून आमचा गाव आमचा विकास चालू आहे, त्यात गावाचा सामाजिक नकाशा काढायचाच असतो, शिवारफेरी असते, कोणती संस्था गावाला किती जवळची हे दाखवायचं चपाती डायग्राम असतं. कल्पना एक नंबर. होतं काय? सकाळी चौकात रांगोळीनं झकास नकाशा निघतो, तिरंगी रंग भरतात, प्रशिक्षक फोटो काढतो, बारा वाजता चहा-पोहे, आणि संध्याकाळपर्यंत ढोरं त्याच्यावरून घराकडे जातात. फोटो फाईलला लागतो, आराखडा पोर्टलवर चढतो, पुढच्या वर्षी पुन्हा रांगोळी. त्या नकाशाला कोणी प्रश्नच विचारलेला नसतो, मग तो उत्तर कशाचं देणार? त्याच्या जागी ॲप आलं तर इतकंच होईल की रांगोळी पुसली जाणार नाही आणि माहिती मात्र कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन बसेल, जिथं बेड्यावरचा तो माणूस स्वतःच्या नावापुढं काय लिहिलंय ते कधीच बघू शकणार नाही.

शिवाय यंत्र लागतंच असंही नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कर्नाटकातल्या गावांमध्ये यावर बरीच वर्षं काम केलं. आधी त्यांनी घरोघरी जाऊन कोण कोणाकडे तांदूळ-रॉकेल मागतो, कोणासोबत देवळात जातो असलं सगळं विचारून जाळी काढली आणि पाहिलं की मायक्रोफायनान्सची बातमी गावात किती पसरते हे पहिल्यांदा ती कोणाच्या कानावर पडली यावर अवलंबून असतं. मग पुढच्या अभ्यासात, 2019 मध्ये तो छापून आला, त्यांनी सोपं केलं, गावकऱ्यांनाच विचारलं की एखादी गोष्ट गावभर करायची तर कोणाला सांगावी? लोकांनी ज्यांची नावं घेतली त्यांच्यामार्फत बातमी जास्त पसरली, मान्यवर-प्रतिष्ठित म्हणून निवडलेल्यांमार्फत कमी. आपल्याकडे प्रत्येक योजनेची दवंडी सरपंच, पोलीस पाटील, प्रगतशील शेतकरी याच तिघांच्या गळ्यात असते आणि मग साहेब लोक विचारतात की लाभार्थी का येत नाहीत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर मेले, तेव्हा कृषी विभागाची पत्रकं नव्हती का? होती. पण फवारणारा मजूर पत्रक वाचत नाही, तो मालकाला विचारतो, मालक दुकानदाराला विचारतो. ज्या वाटेनं औषध गावात येतं त्याच वाटेनं मास्क आणि हातमोजे यायला पाहिजे होते, आणि ती वाट कोणत्या दुकानातून जाते हे गावातल्या कोणत्याही बाईनं दोन मिनिटांत खडूनं दाखवलं असतं.

शेवटचा आक्षेप आळशी आहे, पण लोकप्रिय आहे म्हणून घेतो, की यातून निघतं काय. त्याच पट्ट्यातल्या एका गावात पांदण रस्ता बारा महिने बंद. दोन धुरेकरी, म्हणजे बांधाला लागून वावर असलेले, दोघांनी दोन्हीकडून धुरा सरकवत सरकवत पांदणीची पायवाट करून टाकलेली, बंडी जात नाही, ट्रॅक्टर तर सोडाच. मामलेदार कोर्ट कायदा आहे 1906 चा, त्यात तहसीलदाराकडे केस टाकता येते, टाकलेली होती, तारखा पडत होत्या. नकाशाला बसले तेव्हा प्रश्न ठेवला की या दोन घरांची रेघ कुठं एकत्र येते का. भाऊबंदकीत नाही, पक्षात नाही, मंदिरात नाही, एकमेकांच्या मयतालाही जात नव्हते. एकाच जागी आली, थ्रेशरवाल्याकडे. दोघांचं सोयाबीन तोच काढायचा आणि पांदण बंद म्हणून दोघांनाही गंजी डोक्यावर वाहून रोडपर्यंत आणावी लागायची, मजुरी डबल. थ्रेशरवाल्यानं दोघांना वेगवेगळं सांगितलं की औंदा मशीन वावरात येईल तरच काढतो. एकानं चार हात सोडले, दुसऱ्यानं तीन. अजून पूर्ण पांदण खुली नाही, केसही मागं घेतलेली नाही, पण मशीन आत गेली. आणि हेही सांगतो की शेजारच्या पांदणीवर हीच युक्ती केली तर काही जमलं नाही, तिथं वाटणीचं जुनं भांडण आहे आणि त्याला थ्रेशर पुरत नाही. नकाशानं भांडण मिटत नाही. कोणाला पाठवायचं एवढं कळतं, आणि सरकारी पद्धतीत तेच कळत नाही म्हणून दर वेळी तलाठ्याला पाठवतात.

मग अटी काय घालायच्या? माझ्या मते जात, कर्ज, आजार आणि कोणत्या पक्षाचा हे चार विषय फरशीवर येऊच नयेत, कोणी कितीही सायंटिफिक म्हणो. प्रश्न एका वेळी एकच, सापाचा तर सापाचा, पांदणीचा तर पांदणीचा, म्हणजे एका कागदावरून माणसाची सगळी कुंडली निघत नाही. मांडलेलं सगळं महिला ग्रामसभेत आणि मग मोठ्या ग्रामसभेत वाचून दाखवायचं, आपली रेघ पुसा असं कोणी म्हटलं तर कारण न विचारता पुसायची. मोबाईलवर फोटो नाही, हे सगळ्यात कठीण जाईल कारण आपल्याकडे फोटोशिवाय कार्यक्रम झाला असं कोणी मानत नाही. बेडा, टोला, सालदारांची घरं आधी मांडायची आणि पाटलाचा वाडा मागून. आणि ठरवलेलं काम झालं किंवा फसलं की तो कागद रद्द.

हे वाचून दाखवलं तेव्हा त्या व्हरांड्यातल्या गावात लोकांनी बाकी सगळं मान्य केलं, अडलं एकाच ठिकाणी, मूळ कागद ठेवायचा कुठं. सरपंच म्हणाले ग्रामपंचायतीच्या आलमारीत. बाया म्हणाल्या आलमारीची चाबी कोणाकडे असते ते आम्हाले माहीत हाय, आमच्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या पेटीत राहू द्या. बेड्यावरचा एक जण म्हणाला दोन्हीकडे नको, आमच्या घरांचा तुकडा आमच्याजवळ द्या. त्यावर अजून ठरलेलं नाही, 1 मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे. ज्यांना वाद घालायची हौस आहे त्यांनी तिथं येऊन यावर घालावा.